इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेताना नेमके काय पाहावे?

प्रश्न
नमस्कार. अकूस्टिक ड्रम्सवर प्राथमिक शिक्षण झाले असून रोजच्या सरावासाठी चांगल्या दर्जाचे इलेक्ट्रॉनिक किट घेण्याचा विचार आहे. जाहिरातींत शेकडो आवाजांचे आकडे असतात, पण हाताला फरक कशामुळे जाणवतो हे त्यांतून कळत नाही. पॅड रबरी घ्यावेत की मेशचे (जाळीचे), आणि वरच्या मजल्यावर वाजवल्यास खाली त्रास होईल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1
आवाजांची संख्या विचारातच घेऊ नका. किट पाहायला जाताना स्वतःच्या स्टिक्स न्या, हेडफोन लावा आणि स्नेअरच्या पॅडवर स्टिक जेमतेम टेकेल इतक्या हलक्या हाताने सुरुवात करून जोर हळूहळू वाढवत न्या. आवाज सलग चढत गेला पाहिजे. हलके आघात गिळले जात असतील किंवा मध्येच आवाज एकदम उसळत असेल, तर त्या किटवर घोस्ट नोट्स (मुद्दाम अगदी हलके वाजवलेले आघात) कधीच नीट बसणार नाहीत. पॅडमधला पिएझो सेन्सर कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो आणि आघात किती जोराचा होता हे मॉड्यूल (आवाज निर्माण करणारा किटचा मुख्य भाग) त्यावरून ठरवते. मिडीमध्ये (वाद्यांचे संकेत पाठवण्याच्या डिजिटल पद्धतीत) हा जोर 1 ते 127 अशा पायऱ्यांत मोजला जात असला, तरी प्रत्येक पायरीला वेगळा नमुना ध्वनिमुद्रित केलेला असतोच असे नाही. म्हणून एक लांब रोलही (सलग जलद आघात) वाजवून पाहा: तोच नमुना पुन्हा पुन्हा वाजत असेल तर कानाला ते लगेच खटकते.

मेश पॅडचा ताण ड्रम-कीने कमी-जास्त करता येतो, ते मनगटाला सुसह्य असतात आणि स्टिकचा खट् आवाजही कमी होतो. रोलँडने 1997 मध्ये आणलेल्या टीडी-10 या इलेक्ट्रॉनिक किटपासून हे पॅड रुळत गेले. मात्र मेशवर स्टिक नेहमीपेक्षा जास्त उसळते, त्यामुळे जमेल तेव्हा अकूस्टिक ड्रम्सवर बसत राहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हाय-हॅटकडे (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) अनेकांचे दुर्लक्ष होते. खऱ्या स्टँडवर बसणारी हाय-हॅट शक्य असल्यास तीच घ्या, आणि अर्धवट उघड्या स्थितीतले बारकावे ती ओळखते का, हे पायाने तपासा.

उत्तर 2
खालच्या मजल्यावर पोहोचतो तो पॅडचा आवाज नव्हे, तर पायाने वाजवायच्या किक पेडलचा दणका. तो जमिनीतून जातो, त्यामुळे नुसत्या गालिच्याने फारसा थांबत नाही. प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून तयार केलेल्या मंचावर किट ठेवल्यास दणका बराच कमी होतो.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनापासून आभार. ब्लूटूथ हेडफोन चालतील का?

उत्तर 1
सरावासाठी नकोत. ब्लूटूथमुळे आवाज काही क्षण उशिरा पोहोचतो आणि वाजवणारा नकळत त्या उशिराशी जुळवून घेऊ लागतो. कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे वायरचे हेडफोन घ्या. बाहेरची टकटक त्यांमुळे दबते, म्हणून आवाज फार वाढवावा लागत नाही. किट जोडल्यावर एका टॉमवर मारताना शेजारचा पॅड आपोआप वाजू लागला, तर तो बिघाड समजू नका. मॉड्यूलमधील क्रॉसटॉक (शेजारच्या पॅडची कंपने दुर्लक्षित करण्याची सेटिंग) आणि थ्रेशोल्ड (आवाज उमटण्यासाठी लागणारा किमान जोर) थोडे वाढवा, पण थ्रेशोल्ड इतकेच ठेवा की हलके आघात कापले जाणार नाहीत.