सोलहून डीएमझेडची (उत्तर आणि दक्षिण कोरियामधला निर्लष्करी सीमापट्टा) एक दिवसाची टूर, आईला झेपेल का?

ऑफिसच्या कामाने सोलला आहे, आई-बाबा येतायत, ग्रुप टूर बुक करू का? आईचे गुडघे दुखतात, आणि ते सीमेवरचं पानमुनजोम, जिथे दोन्ही कोरियांचे सैनिक समोरासमोर असतात, ते पण बघायला मिळतं का?

भटक्या_७७: बुक करा, सिव्हिलियन कंट्रोल लाइनच्या (सीमेजवळ सामान्य लोकांना जिथून पुढे परवानगी लागते ती हद्द) आत स्वतःची गाडी घेऊन सोडत नाहीत. पासपोर्ट ओरिजिनल लागतो, चेकपोस्टवर सैनिक बसमध्ये चढून बघतात. सोमवारी बंद. पानमुनजोमचं मात्र काही खरं नाही, जुलै 2023 मध्ये एक अमेरिकन सैनिक तिथल्या टूरमधूनच उत्तर कोरियात पळाला ना!

सोलकढी: अहो पण थर्ड टनेलला (उत्तर कोरियाने सीमेखालून दक्षिणेत खणलेलं भुयार) काकूंना उतरवू नका, 73 मीटर खोल आहे, जाताना मजेत जातो आणि येताना चढ जीव काढतो, वर हेल्मेट घालून वाकून चालायचं. 1978 ला सापडला तेव्हा उत्तरवाले म्हणे ही कोळशाची खाण, भिंती ग्रॅनाइटच्या, त्यांना काळं फासलेलं 😄 आत फोटो नाही. काकूंना डोरा ऑब्झर्व्हेटरी बघू दे, दुर्बिणीतून पलीकडचं गाव दिसतं, फक्त हवा स्वच्छ हवी.

प्रश्नकर्ता: थँक्यू, बाबा एकटे उतरतील मग. जेवणाचं?

सोलकढी: व्हेज असाल तर डबा न्या.