कामावरून परत न आलेल्या माणसाच्या घरी

प्रश्न : उंबरठा

माझे थोरले बंधू चार महिन्यांपूर्वी कामाच्या ठिकाणी झालेल्या अपघातात गेले. सकाळपाळीसाठी घरातून निघाले आणि दहाच्या सुमारास फोनच आला. आठवड्याभराने त्यांचा चष्मा, किल्ल्या आणि मोबाईल एका मोहोरबंद पिशवीतून घरी पोहोचला. त्या मोबाईलवर पहाटे पाचचा गजर लावलेला आहे. वहिनी तो रोज रात्री चार्जिंगला लावून उशाशी ठेवतात, गजर वाजला की बंद करतात आणि उजाडेपर्यंत तशाच बसून राहतात. चौकशी अजून चालू आहे, पण प्राथमिक अहवालात ‘कामगाराची चूक’ हे शब्द आल्यापासून त्या आमच्याशीही फारसे बोलत नाहीत. मोबाईल काढून घ्यावा, असे आईचे मत आहे. सात वर्षांच्या पुतण्याला ‘बाबा कामाला गेले आहेत’ एवढेच सांगितले आहे. आम्ही नेमके काय करावे?

प्रतिसाद : सावकाश

मी शोकग्रस्त कुटुंबांसोबत समुपदेशनाचे काम करतो. मोबाईल काढून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ म्हणण्यासाठी किमान ६ महिने जावे लागतात, तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या निकषांत प्रौढांसाठी किमान १२ महिने. शिवाय नुसता काळ लोटणे पुरेसे नसते. शोकाची तीव्रता आणि त्याने रोजचे जगणे किती अडले आहे, हेही पाहावे लागते. ही निदानाची मर्यादा आहे, दुःख आवरण्याची मुदत नव्हे. शोकाच्या ‘पाच पायऱ्या’ (नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार) कोणी ऐकवल्या, तर त्याही बाजूला ठेवा. १९६९ मध्ये मांडल्या गेलेल्या त्या पायऱ्या मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून आलेल्या होत्या.

कामावरच्या मृत्यूत वेगळी अडचण असते ती चौकशीची. माणूस जरा सावरतो, तेवढ्यात जबाबाची तारीख येते, मग एखादे पत्र येते आणि तो पुन्हा पहिल्या दिवसावर जाऊन पडतो. म्हणून पत्रव्यवहार घरातल्या एकाने अंगावर घ्यावा, पुढची तारीख वहिनींना आधी सांगावी आणि कागद वाचायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. ज्यांनी अपघात पाहिलेला नसतो, ते तो मनात शंभर वेळा पाहतात, आणि ते कल्पनाचित्र कित्येकदा घडलेल्यापेक्षा भयंकर असते. त्यांना तपशील हवा असेल, तर तिथे हजर असलेल्या सहकाऱ्याशी गाठ घालून द्या. नको असेल, तर कोणालाही तो ऐकवू देऊ नका.

जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, खाणे-झोपणे जवळपास थांबणे किंवा दारूचा आधार घेणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

प्रतिसाद : पाटीपेन्सिल

पुतण्याबद्दल मात्र उशीर नको. ‘कामाला गेले आहेत’ या वाक्यातून तो एवढेच शिकेल की कामाला गेलेला माणूस परत येत नाही, आणि उद्या वहिनी नोकरीला लागल्या तर दारातच रडेल. ‘बाबा वारले, त्यांचे शरीर चालायचे थांबले, ते आता परत येणार नाहीत’ असे स्वच्छ शब्दांत सांगा. झोपले, प्रवासाला गेले, असले शब्द टाळा. तो रडून पाच मिनिटांत खेळायला पळाला, तर त्याला काही कळलेले नाही असे समजू नका. मुले दुःख थोडेथोडेच घेतात. तोच प्रश्न तो दहा वेळा विचारील. दहाही वेळा उत्तर तेच द्या.

प्रतिसाद : दुसरी पाळी

माझे यजमान असेच गेले, त्याला सहा वर्षे झाली. प्रकरण चौकशीत आहे म्हणून त्यांचे सहकारी घरी येईनासे झाले आणि तेच मला सर्वांत लागले. पाच महिन्यांनी एक जण आला व यंत्राच्या बिघाडाची तक्रार त्यांनीच आदल्या दिवशी नोंदवली होती, असे सांगून गेला. त्या एका वाक्यानंतर मला पहिल्यांदा सलग झोप लागली. नुकसानभरपाईच्या कागदावर सही करताना मी त्यांची किंमत मान्य करते आहे असे वाटून हात थरथरत होता. त्या वेळी वहिनींच्या शेजारी कोणीतरी बसा, आणि कागद आधी वकिलाला दाखवा. कामावर मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ अनेक देशांत २८ एप्रिल हा दिवस पाळला जातो. तिथेच मला अशी दुसरी घरे भेटली. त्यांना काहीच समजावून सांगावे लागत नाही.

उंबरठा

सर्वांचे आभार. पुतण्याला काल सांगितले. तो बराच वेळ गप्प होता, मग ‘काकाही कामाला जातो ना?’ असे विचारले. मी रोज संध्याकाळी घरी पोहोचल्यावर आधी त्याला भेटायचे, असे आमचे ठरले आहे. पत्रव्यवहार मी माझ्याकडे घेतला. वहिनींनी एकच अट घातली की अंतिम अहवालात जे काही असेल, ते आईच्या आधी त्यांना कळले पाहिजे. मोबाईल त्यांच्या उशाशीच आहे.