मदत हवी आहे: बाबांना घेऊन बर्था बेन्झच्या रस्त्यावर जायचंय

नमस्कार मंडळी, जर्मनीत राहणाऱ्यांनी किंवा तिकडे फिरून आलेल्यांनी प्लीज सांगा. बाबा सत्तरीचे आहेत, मर्सिडीज म्हणजे त्यांचा जीव की प्राण, मे महिन्यात त्यांना घेऊन स्टुटगार्टला चाललोय. म्युझियम तर बघणारच, पण त्यांना खरी ओढ आहे ती बर्था बेन्झच्या रस्त्याची. काय बाई असेल ती! 1888 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला, म्हणजे मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेन्झला, न सांगता दोन पोरांना घेऊन तीन चाकांच्या त्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, शंभरेक किलोमीटर, वाटेत इंधनाची नळी तुंबली तर हॅटच्या पिनेने साफ केली, ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांवर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं आणि इंधन कुठून, तर वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन (डाग काढायला वापरायचा पेट्रोलसारखा द्रव)! हे सांगताना बाबांचे डोळे अजून चमकतात.

तर आता विचारायचं असं की भाड्याची गाडी घेऊन हा रस्ता एका दिवसात आरामात होतो का, का लाडेनबुर्गला मुक्काम करावा? तिथलं कार्ल बेन्झ म्युझियमही बघायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, तेवढं लक्षात घेऊन सांगा.