प्रस्तावना आणि शिफारस

लेखकांनी एकमेकांची पुस्तकं सुचवणं म्हणजे 'अहो रूपम् अहो ध्वनिः', नुसती एकमेकांची वाहवा, असं बरेच जण म्हणतात. तसं होतं खरं, विशेषतः हल्लीच्या मलपृष्ठांवर. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. कवी नामदेव ढसाळांचा, मुंबईच्या वेश्यावस्तीतलं जग मांडणारा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ साली आला तेव्हा ते जेमतेम २३ वर्षांचे, आणि प्रस्तावना नाटककार विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांचं नाव तेव्हा मोठं होतं, ढसाळांकडून त्यांना मिळवण्यासारखं काहीच नव्हतं. कॉलेजात असताना गावच्या वाचनालयातून मी ते पुस्तक आणलं ते केवळ तेंडुलकरांचं नाव बघून. कवितांतले निम्मे शब्द कळेनात. मग प्रस्तावनेत वाचलं, की खुद्द तेंडुलकरांनाही बरेच शब्द अडले होते आणि त्यांनी ते ढसाळांना विचारून घेतले होते. एवढ्या मोठ्या नाटककाराने 'हे जग मला ठाऊक नाही' हे छापून कबूल करावं, याने मला फार धीर आला. पुस्तक परत न करता दोनदा मुदत वाढवून घेतली.

बहिणाबाई चौधरींचंही तेच. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी दाखवलेल्या कविता आचार्य अत्र्यांनी उचलून धरल्या, १९५२च्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. बहिणाबाई आदल्याच डिसेंबरात गेल्या होत्या; परतफेड कोण करणार होतं?

म्हणून कुणी पुस्तक सुचवलं, की मी एवढंच बघते: त्याने ते खरंच वाचलंय का. त्यातली एखादी ओळ, एखादं अडलेलं पान सांगितलं असेल, तर ते पुस्तक मी डोळे झाकून मागवते.