मदत हवी आहे: चादरीतला पॉलिस्टर पकडायचाय, पण माझा प्रकाश ४ मायक्रॉनवरच संपतो

माग_पोर, सोलापूर

नमस्कार मंडळी. वडील यंत्रमागावर आणि मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतोय. दोन्हीचा मेळ घालायच्या नादात अडकलोय. सोलापुरी म्हणून खपवल्या जाणाऱ्या चादरीत सूत किती आणि पॉलिस्टर किती, हे माग चालू असतानाच प्रकाशाने ओळखायचं, असं डोक्यात घेतलंय. आमच्या घरात याची चाचणी एकच: दोन धागे उपसायचे आणि काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र धागा असला की काडीही गोंधळते.

सध्याची मांडणी अशी: १.५५ मायक्रॉन तरंगलांबीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठोक्याठोक्याने चमकणारा, म्हणजे पल्स्ड, एर्बियम फायबर लेसर, अॅम्प्लिफायर आणि पुढे काही मीटर झेडब्लॅन, म्हणजे झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, अॅल्युमिनियम, सोडियम यांच्या फ्लोराइडांची काच. साधी सिलिका २.४ मायक्रॉनच्या पुढचा प्रकाश स्वतःच गिळते, म्हणून हा खर्च. लेसरचा एकच रंग आत जातो आणि बाहेर ४ मायक्रॉनपर्यंत सलग पट्टा येतो. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा गाईडसरांनी चहा पाजला होता!

अडचण नंतर कळली. प्रत्येक रासायनिक बंध ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, तीच त्याची खूण. पॉलिस्टरची सगळ्यात ठळक खूण, कार्बोनिलची (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध), ५.८ मायक्रॉनला. सुताची मोठी खूण ९ ते १० च्या दरम्यान. माझ्या पट्ट्यात ३.४ चा सी-एच (कार्बन-हायड्रोजन बंध) येतो, पण तो दोघांतही असतो. आणि ३ च्या आसपासचा ओ-एच (ऑक्सिजन-हायड्रोजन बंध) सुताचा की सुताने प्यायलेल्या ओलाव्याचा, हे कसं सांगणार?

आर्सेनिक सल्फाइडचा फायबर ६ च्या थोडा पुढे जातो, तो मागवावा का? पण त्याचं शून्य डिस्पर्शन (जिथे जवळजवळचे रंग फायबरमधून सारख्याच वेगाने जातात ती तरंगलांबी) ५ मायक्रॉनच्या जवळपास येतं. १.५५ ने पंप केला, म्हणजे तो लेसर थेट त्यात सोडला, तर सॉलिटॉन (आकार न बदलता जाणारे प्रकाशाचे ठोके) बनणार नाहीत आणि पट्टा पसरणार नाही, बरोबर ना?

दुसरं म्हणजे झेडब्लॅनचं बाहेरचं टोक महिना-दीड महिन्यात मंद पडतं. इथे मे महिन्यात पारा ४२ च्या वर, लॅबला एसी नाही, कूलर आहे. त्याचा वारा थेट टेबलावर येतो.

(हसू नका, पण सुरुवातीला केबलवाल्या मित्राचा स्प्लायसर आणून सिलिका आणि झेडब्लॅन जोडायला गेलो होतो. सिलिका तशीच राहिली, झेडब्लॅनचा थेंब झाला. आता दोन्ही टोकं खाचेत समोरासमोर ठेवून काम भागवतो.)

काचकाम

आधी तो कूलर बंद कर बे. फ्लोराइड काचेला पाणी सोसत नाही. टोकावर ओ-एच शिरला की तुझा ३ मायक्रॉनचा प्रकाश तिथेच शोषला जातो, टोक तापतं आणि आणखी खराब होतं. कोरडा नायट्रोजन सोडता येईल अशी छोटी डबी टोकाभोवती बसव. नवीन फायबर घेताना एंडकॅप, म्हणजे टोकाला संरक्षक काचेची टोपी, लावलेला माग.

सल्फाइडबद्दलचं तुझं म्हणणं बरोबर आहे. म्हणून १.५५ ने त्याला पंप करायचंच नाही, झेडब्लॅनमधून निघालेला ४ मायक्रॉनकडचा शेपटा त्यात सोडायचा. सिलिका, झेडब्लॅन, सल्फाइड अशी साखळी. सल्फाइडची नॉनलिनिअरिटी (तीव्र प्रकाशातून नवे रंग तयार करण्याची क्षमता) सिलिकाच्या शंभरपटीहून जास्त आहे, त्यामुळे थोडक्या शक्तीतही पट्टा पुढे सरकतो. पण अपवर्तनांक २.४, म्हणजे प्रत्येक टोकाला १७ टक्के प्रकाश नुसता परावर्तनात जाणार, तो हिशेब आधीच धर. १० मायक्रॉनचं सूत मात्र सल्फाइडला दिसणार नाही. डेन्मार्कमधल्या गटाने २०१४ मध्ये कॅल्कोजेनाइड (गंधक, सेलेनियम अशा मूलद्रव्यांच्या काचेच्या) फायबरमधून १३.३ मायक्रॉनपर्यंत मजल मारली होती, पण त्यांचा पंप ६.३ मायक्रॉनचा होता. तो तुझ्या टेबलावर नाही.

आणि तुटलेले तुकडे टेपला चिकटवून वेगळ्या डबीत ठेव. आर्सेनिक आहे ते, झाडूने लोटायचं नाही.

जुना_टेक्निशियन

एक विचारू? मिड-इन्फ्रारेडच, म्हणजे ३ मायक्रॉनच्या पुढचाच प्रकाश, का? १.६६ मायक्रॉनला पॉलिस्टरच्या बेंझिन कड्याचा ओव्हरटोन (मूळ खुणेची कमी तरंगलांबीवर उमटणारी फिकट प्रत) आहे, २.१ च्या आसपास सूत आणि पॉलिस्टर वेगवेगळे दिसतात. जुने कपडे वेगळे करणारी यंत्रं हेच वापरतात. हॅलोजन दिवा, साधा सिलिका फायबर आणि निअर-इन्फ्रारेड डिटेक्टर घेऊन आधी मागावर जा. साखळी थिसिससाठी ठेव.

माग_पोर

काका, हे गाईडसरांना दाखवायला थोडं धाडस लागेल. कूलर कालच फिरवून ठेवला. जुन्या प्रोजेक्टरचा हॅलोजन बल्बही सापडलाय. पण चादरीतल्या काळ्या पट्ट्यांचं काय? काळं सगळंच गिळतं ना?

जुना_टेक्निशियन

सुताचे बहुतेक काळे रंग निअर-इन्फ्रारेडमध्ये पारदर्शकच असतात, डोळ्याला काळे, डिटेक्टरला नाही. अडवतो तो कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक पूड, आणि तो पॉलिस्टरच्या धाग्यात कातण्याआधीच मिसळलेला असू शकतो. असा धागा सापडला तर तुझी साखळी काढ, तोवर बल्ब.