मदत हवी आहे: लीक टेस्ट पास, तरी ईटीसीओटू (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू) चढतोय. काय बघू?

ओटी_हडपसर, सकाळी 10:52
हडपसरला एका छोट्या हॉस्पिटलात ओटी टेक्निशियन आहे. काल लॅपच्या (दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या) केसला ईटीसीओटू 38 वरून चढत चढत 58 ला गेला. सकाळी भुलीच्या मशीनच्या सर्किटची (पेशंटला जोडायच्या नळ्यांची) लीक टेस्ट मी स्वतः केली होती. व्हॉल्व्ह बंद, तोंडाशी अंगठा, प्रेशर 30, काटा जागचा हलला नाही. भूल देणाऱ्या मॅडमनी ट्यूब तपासली, छाती ऐकली, दोन्हीकडे हवा जात होती. शेवटी अँबूवर (हाताने दाबायच्या वेगळ्या बॅगेवर) घेतलं तेव्हा आकडा उतरला आणि उरलेली केस तशीच काढली. पेशंट बरा आहे. आज 2 वाजता पुढची केस आहे, मशीनवाला इंजिनियर फोन उचलत नाही. लवकर सांगा.

कात्रजकर, 10:58
सोडालाईम (श्वासातला सीओटू शोषणारे खडे) संपलाय, डोळे झाकून बदला. रंगावर जाऊ नका. वापरताना जांभळा होतो आणि रात्रभर पडून राहिला की परत पांढरा दिसायला लागतो. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

ओटी_हडपसर, 11:01
सोडालाईम नाहीच आमच्याकडे. साधं बॉईल (भुलीचं जुन्या पद्धतीचं मशीन) आहे.

भूलतज्ज्ञ_कोथरूड, 11:06
अहो, हे आधी सांगायचं ना! म्हणजे बेन सर्किट (नळीच्या आत नळी असलेलं) का? पेशंटचं वजन किती, ताज्या गॅसचा फ्लो मिनिटाला किती, पेशंट स्वतः श्वास घेत होता की तुम्ही बॅग दाबत होता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, श्वास आत जाताना कॅप्नोग्राफची (सीओटू मोजणाऱ्या यंत्राची) रेघ शून्यावर येत होती का?

ओटी_हडपसर, 11:09
बेनच, दुसरं काय असणार. वजन 60, फ्लो 5 लिटर, बॅग मॅडम दाबत होत्या. रेघ 9-10 वर अडकलेली. फ्लो 9 केला तरी तेच.

बायोमेड_भोसरी, 11:14
कॅप्नोग्राफचा वॉटर ट्रॅप बघा. सॅम्पलिंग लाइनमध्ये पाणी गेलं की आकडे वेडेवाकडे येतात. आणि लॅपमध्ये पोटात सीओटूच भरतात, आकडा चढणारच.

भूलतज्ज्ञ_कोथरूड, 11:20
दादा, पोटातून शोषला गेलेला सीओटू बाहेर पडणाऱ्या श्वासात दिसतो, आत जाणाऱ्या नाही. खालची रेघ 10 वर बसली म्हणजे पेशंट आपलाच सोडलेला श्वास परत घेतोय. आणि ट्रॅपचा दोष असता तर अँबू लावल्यावर आकडा कसा उतरला?

कात्रजकर, 11:23
मग फ्लो कमी पडला असेल. आम्ही बेनला 8 च्या खाली जातच नाही.

भूलतज्ज्ञ_कोथरूड, 11:29
बॅग दाबत असाल तर किलोला मिनिटाला 70 मिली धरतात, 60 किलोला 4.2 लिटर झाले. पेशंट स्वतः श्वास घेत असेल तेव्हा 150 ते 200 मिली लागतात. इथे 5 पुरेसे होते, आणि 9 करूनही फरक पडला नाही, माझी शंका त्यावरूनच आहे. सर्किटची आतली नळी बघा, ताजा गॅस तिच्यातूनच पेशंटपर्यंत जातो. ती सुटली की ताजा गॅस मशीनच्याच टोकाला पडतो आणि ती 1.8 मीटरची बाहेरची नळी सगळी डेड स्पेस होते, म्हणजे तिच्यातला सोडलेला श्वासच परत आत जातो. तुमची लीक टेस्ट बाहेरच्या नळीची होती. ती धड असेल तर टेस्ट पास होते, आतली नळी सुटलेली असली तरी.

मैत्रेयी_सिंहगड_रोड, 11:33
माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, वय 71. पूर्ण भूल चांगली की पाठीतलं इंजेक्शन? हे सगळं वाचून फार भीती वाटायला लागली आहे.

जुना_टेक्निशियन, 11:41
पेथिक टेस्ट करा. पेशंट जोडलेला नसताना सर्किटचं पेशंटकडचं तोंड बंद करून फ्लश (ऑक्सिजनचा जोराचा झोत सोडणारं बटण) दाबा, बॅग फुगवा. फ्लश दाबलेला ठेवून तोंड सोडा. आतली नळी धड असेल तर जोराचा झोत बाहेरच्या नळीतली हवा ओढून घेतो आणि बॅग चपटी होते. फुगलेलीच राहिली तर नळी गेली. 1972 ला बेन आणि स्पोरेल यांनी हे सर्किट आणलं, तेव्हापासूनचं दुखणं आहे हे.

भूलतज्ज्ञ_कोथरूड, 11:46
माझा भरवसा दुसऱ्या टेस्टवर. ऑक्सिजन 3 लिटर लावा, 2 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या फक्त आतल्या नळीच्या तोंडात क्षणभर दाबा. बॉबिन (फ्लो दाखवणारा नळीतला तरंगता दट्टू) खाली आलं पाहिजे. फ्लशच्या जोरात सैल झालेला जोड उलट आणखी सुटायचा.

जुना_टेक्निशियन, 11:50
25 वर्षं करतोय, एकदाही सुटला नाही. दट्ट्या नीट बसला नाही तर तुमचं बॉबिनही फसवतं.

ओटी_हडपसर, 12:17
सापडलं. दट्ट्या लावला, बॉबिन ढिम्म हललं नाही. मग सर्किट खिडकीशी उजेडात धरलं. पेशंटच्या बाजूला आतली नळी अगदी जागेवर आहे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मशीनच्या बाजूला मात्र जोडापासून दोन बोटं सरकलीय आणि टोकाला वाळलेल्या गोंदाची पिवळी कडा दिसते. पेथिकही केली, बॅग फुगलेलीच राहिली.

बायोमेड_भोसरी, 12:22
धुताना पिळता का? मावशींना सांगा.

ओटी_हडपसर, 12:26
मावशींना दोष देऊ नका. सर्किट खुंटीला टांगून दोन्ही हातांनी ओढत निथळवायचं, हे मीच त्यांना दाखवलं होतं. आणि एकदाच वापरायचं सर्किट आम्ही कितव्यांदा धुतलं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. काल रात्रभर झोप लागली नाही मला.

भूलतज्ज्ञ_कोथरूड, 12:31
काल मॅडमनी वेळ न घालवता अँबू घेतला, ते फार मोलाचं. तो हाताशी तुम्हीच ठेवला होता ना? आज नवीन सर्किट काढा. आणि मैत्रेयीताई, ते आईच्या हृदयावर, औषधांवर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर ठरतं. तपासणीच्या दिवशी भूलतज्ज्ञांना भेटा आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

कात्रजकर, 12:35
तरी सर्कल (सोडालाईमवालं सर्किट) घ्या असंच म्हणेन. फ्लो कमी लागतो, गॅस वाचतो.

जुना_टेक्निशियन, 12:38
आणि त्याचे व्हॉल्व्ह ओलाव्याने चिकटले की खालची रेघ अशीच वर बसते. तेही रोज बघावं लागतं.

ओटी_हडपसर, दुपारी 4:10
केस झाली. नवीन सर्किट, लावायच्या आधी दट्ट्याची टेस्ट मॅडमसमोर केली, बॉबिन खाली आलं. पूर्ण केस 35-36. जुनं सर्किट कात्रीने मधोमध कापून टाकलं, म्हणजे बादलीतून परत कोणी उचलणार नाही. मावशींना कापलेला तुकडा दाखवून आतली नळी कुठे सुटते ते समजावलं. त्यांनी तो मागून घेतला, दुसऱ्या पाळीच्या मावशींना दाखवायला.