रजिस्ट्री क्लीनर खरोखर लागतो का, आणि त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा?

सदाशिवपेठकर

नमस्कार. टिळक रस्त्याजवळ आमचे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रे भरणे, हिशेब लिहिणे हे काम तीन संगणकांवर चालते. तिन्हींवर विंडोज १० आहे, रॅम ४ जीबी आहे आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. सकाळी यंत्र सुरू केल्यावर हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, आणि जुलै महिन्यात ही गोष्ट परवडत नाही.

संगणकाच्या देखभालीसाठी जे गृहस्थ येतात, त्यांनी एक रजिस्ट्री क्लीनर सुचवला आणि तपासणी करून दाखवली. लाल अक्षरांत कित्येकशे 'त्रुटी' दिसल्या, त्यातल्या बऱ्याच 'गंभीर' होत्या. तपासणी फुकट आहे, दुरुस्तीसाठी मात्र वार्षिक शुल्क भरावे लागते आणि ते कार्डावरून दरवर्षी आपोआप कापले जाते. एका संगणकावर त्यांनी स्वतःच्या परवान्याने ती दुरुस्ती करूनही टाकली आहे. उरलेल्या दोन संगणकांवर ग्राहकांची कागदपत्रे आणि डिजिटल सहीच्या टोकनची (सहीसाठी यूएसबीला लावायच्या उपकरणाची) व्यवस्था असल्यामुळे मी त्यांना थांबवले.

या त्रुटी म्हणजे नेमके काय असते? त्या काढल्याने वेग वाढतो का? आणि असे सॉफ्टवेअर विश्वासार्ह आहे की नाही हे आमच्यासारख्यांनी कसे ठरवावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

हिंजवडी_प्रशासक

थांबवलेत ते योग्य केलेत. मी एका कंपनीत विंडोज यंत्रांची व्यवस्था पाहतो. आमच्याकडे कोणत्याही यंत्रावर रजिस्ट्री क्लीनर चालवायची परवानगी नाही, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत.

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि त्यावरील सॉफ्टवेअर यांच्या सेटिंगांचा साठा. पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअर आपली सेटिंगे वेगवेगळ्या आयएनआय फायलींत ठेवत असे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री मर्यादित स्वरूपात आली आणि विंडोज ९५ पासून तिच्यावर सगळा कारभार चालू लागला. आज ती सिस्टिम३२ मधील कॉन्फिग या फोल्डरात सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी अशा फायलींत असते, आणि प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र फाइल त्याच्या प्रोफाइलमध्ये असते. कोणती फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने उघडायची, प्रिंटर कोणता, कोणती सेवा केव्हा सुरू करायची, हे सगळे तिथे लिहिलेले असते. सर्वसाधारण यंत्रावर या नोंदी लाखांच्या घरात जातात.

आता 'त्रुटी'. क्लीनर प्रत्येक नोंद वाचतो आणि तिच्यात एखाद्या फाइलचा पत्ता असेल तर ती फाइल डिस्कवर आहे का ते पाहतो. फाइल सापडली नाही की झाली त्रुटी. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा मागे राहिलेला पत्ता, कधीतरी उघडलेल्या दस्तऐवजाचे नाव, आता कोणी वापरत नाही अशा फाइल-प्रकाराची नोंद, हे सगळे त्या लाल आकड्यात मोजले जाते. या नोंदी विंडोज बिघडवत नाहीत, कारण त्या बहुधा कोणी वाचतच नाही. नवे कोरे विंडोज घालून लगेच तपासणी केली तरी यादी रिकामी येत नाही.

वेगाचा प्रश्न इथेच निकाली निघतो. विंडोजला एखादी नोंद हवी असते तेव्हा ते अख्खी रजिस्ट्री चाळत बसत नाही, ते ठरलेल्या शाखेने पायरी-पायरीने खाली उतरते आणि प्रत्येक पायरीवर नावांची अनुक्रमणी असते. शब्दकोशात 'पावती' शोधताना 'क'च्या पानांवर किती जुने शब्द आहेत याने आपल्याला काही फरक पडत नाही, तसेच हे आहे. लाखो नोंदींतून काहीशे काढल्याने फार तर काही किलोबाइट मोकळे होतात. तेवढ्याने हिशेबाचे सॉफ्टवेअर लवकर उघडणार नाही.

मायक्रोसॉफ्टचे अधिकृत धोरणही स्पष्ट आहे. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापराला ती कंपनी पाठिंबा देत नाही, त्यातून उद्भवलेल्या बिघाडाची जबाबदारी घेत नाही, आणि असा बिघाड दुरुस्त होईलच अशी हमीही देत नाही. ज्या कंपनीने रजिस्ट्री बनवली तिचीच ही भूमिका असताना दुसऱ्या कोणाला वार्षिक शुल्क द्यायचे कारण मला दिसत नाही.

बुधवारपेठ_दुरुस्ती

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. तापकीर गल्लीजवळ माझे दुरुस्तीचे काम चालते, आणि तुमच्या व्यवसायाशी थेट संबंध असलेला एक प्रकार मी जवळून पाहिला आहे, तो सांगतो.

एका कार्यालयात क्लीनर चालवल्यानंतर डिजिटल सहीचे टोकन चालेनासे झाले. टोकन लावले की दिवा लागत होता, पिन विचारणारे सॉफ्टवेअर सुरू होत होते, पण सही करायच्या खिडकीत प्रमाणपत्रांची यादी मात्र रिकामी येत होती. प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, संकेतस्थळच बंद असेल, असे तर्क लढवण्यात त्यांचा बराच वेळ गेला. प्रत्यक्षात त्या टोकनची ओळख रजिस्ट्रीतील क्रिप्टोग्राफीच्या शाखेखाली, स्मार्ट कार्डांच्या यादीत असते, आणि नेमकी तीच नोंद उडाली होती. टोकनचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला तेव्हा यादी भरली.

अशी जिवंत नोंद क्लीनरला मेलेली का वाटते, याचे एक तांत्रिक कारण सांगण्यासारखे आहे. क्लीनर ३२ बिटी असेल आणि विंडोज ६४ बिटी असेल, तर तो सिस्टिम३२ फोल्डरात एखादी फाइल शोधायला जातो तेव्हा विंडोज त्याला परस्पर सिसवॉव६४ या दुसऱ्या फोल्डराकडे वळवते. तिथे ती फाइल नसते. क्लीनर बनवणाऱ्याने ही गोष्ट नीट सांभाळली नसेल, तर जागेवर असलेली, रोज वापरात असलेली फाइल त्याच्या लेखी हरवलेली ठरते. बाहेरची डिस्क, दुसऱ्या संगणकावरचे सामायिक फोल्डर, नेहमी लावून न ठेवलेले डोंगल यांच्या बाबतीतही हेच घडते, कारण तपासणीच्या क्षणी ते जोडलेले नसले तर त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक पत्ता खोटा दिसतो.

तुमची यंत्रे संथ असण्याचे कारण मला तुमच्याच वर्णनात दिसते. सकाळी यंत्र सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कचा आकडा पाहा. तो बराच वेळ शंभर टक्क्यांना चिकटून राहिलेला दिसला, तर फिरत्या तबकडीची डिस्क आणि ४ जीबी रॅम यांचा हा परिणाम आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर ठेवते, आणि ती डिस्क आधीच मंद असते. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवा आणि रॅम ८ जीबी करा. मदरबोर्डवर रॅमची मोकळी जागा आहे का आणि ती डीडीआर३ आहे की डीडीआर४, एवढे खरेदीपूर्वी पाहून घ्या. त्याच टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात प्रिंटरची मदतनीस सॉफ्टवेअरे, मीटिंगची सॉफ्टवेअरे, अपडेट तपासणारे असे बरेच काही सकाळी एकदम जागे होते. नको ते तिथेच बंद करता येते, त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

जुन्या डिस्कची प्रकृती मात्र आधी तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरते. त्याने सावधानतेचा इशारा दिला, तर बाकी सगळे बाजूला ठेवून प्रथम ग्राहकांच्या फायलींची प्रत घ्या.

कर्वेनगर_जुना_वापरकर्ता

थोडी दुसरी बाजू मांडतो. मी घरच्या संगणकावर अनेक वर्षे असे सॉफ्टवेअर वापरत आलो आहे आणि कधी बिघाड झालेला नाही. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टने स्वतः रेगक्लीन नावाचे सॉफ्टवेअर दिले होते. आपल्या पुण्याच्या क्विक हीलच्या टोटल सिक्युरिटीमध्येही पीसीट्यूनरमधून रजिस्ट्री साफ करण्याची सोय मिळते. तेव्हा हा सगळा प्रकारच फसवणुकीचा आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय एखादे सॉफ्टवेअर अर्धवट निघाले आणि त्यामुळे नवी आवृत्ती बसेना, तर रजिस्ट्रीतील अवशेष काढावेच लागतात, हे येथील जाणकारही नाकारणार नाहीत.

हिंजवडी_प्रशासक

आपला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण तिथे आपल्याला ठाऊक असलेला एक बिघाड असतो आणि ठाऊक असलेली एक नोंद असते. तिची प्रत घेऊन तेवढीच काढायची असते. अडकलेल्या इन्स्टॉलेशनसाठी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ट्रबलशूटरही आहे. बिघाड कोणता हेच माहीत नसताना शेकडो नोंदी एका बटणाने उडवणे ही वेगळी गोष्ट आहे. रेगक्लीन मायक्रोसॉफ्टने पुढे मागे घेतले, हेही लक्षात घ्यावे. त्या काळी निदान एक सबब होती, कारण विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या आकारावर मर्यादा असे. ती एक्सपीपासून गेली. सगळेच क्लीनर फसवे नाहीत हे खरे, आणि नामांकित अँटिव्हायरससोबत आलेली सोय ही पैसे उकळण्याची युक्ती आहे असे मीही म्हणणार नाही. मात्र सोय पुरवलेली आहे म्हणून ती गरजेची ठरत नाही.

आता विश्वासाबद्दल, कारण मूळ प्रश्नाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, या धंद्यावर वेळोवेळी कारवाई केली आहे. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्यांच्या तपासणीत सुरुवातीला ग्राहकाला 'संगणक संथ झाला आहे का' अशा धर्तीचे चार प्रश्न विचारत, आणि एकाही प्रश्नावर खूण केली की व्हायरसची लक्षणे सापडल्याचा निकाल येई. यंत्राच्या आत काय आहे याचा त्या निकालाशी संबंध नव्हता. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या दुरुस्ती सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरायचे मान्य केले. कमिशनने धडधाकट संगणकांवर त्यांची तपासणी करून पाहिली, तरी शेकडो दोष दाखवले गेले होते. मायक्रोसॉफ्टनेही मार्च २०१८ पासून, फुकट तपासणीत घाबरवून पैसे भरायला लावणारी अशी सॉफ्टवेअरे विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसकरवी काढून टाकण्याचे धोरण घेतले.

प्रामाणिक कंपनीचे सॉफ्टवेअर असले तरी धोका संपत नाही. २०१७ मध्ये हल्लेखोरांनी सीक्लीनर या प्रसिद्ध क्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीतच घातक कोड घुसवला. ती आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, कंपनीच्या वैध डिजिटल सहीनिशी सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. असे संकट कोणत्याही सॉफ्टवेअरवर येऊ शकते, पण क्लीनरला आपण यंत्राचे संपूर्ण अधिकार देतो. ज्याचा उपयोग नाही त्याला ते अधिकार का द्यावेत? तुमच्याकडे तर लोकांचे पॅन, बँक खात्यांचे तपशील आणि सह्या आहेत.

सदाशिवपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. उद्या टास्क मॅनेजर पाहते आणि एसएसडीची चौकशी करते. आता ज्या संगणकावर दुरुस्ती करून झाली आहे, त्याचे काय करावे? तो सध्या व्यवस्थित चालतो आहे. विंडोज स्वतः रजिस्ट्रीची प्रत ठेवते असे ऐकले आहे, ते खरे आहे का?

बुधवारपेठ_दुरुस्ती

पूर्वी ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून रेगबॅक फोल्डरात आपोआप प्रत घेणे बंद झाले आहे, तिथल्या फायली शून्य आकाराच्या दिसतात. म्हणून त्यावर विसंबू नका. सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे का ते पाहा, बऱ्याच यंत्रांवर ते बंदच असते. ते चालू करून आजचा एक रिस्टोअर पॉइंट तयार करून ठेवा, म्हणजे पुढे बिघाड झाला तर विंडोजची सेटिंगे आजच्या स्थितीला परत नेता येतील.

क्लीनरने दुरुस्तीपूर्वी स्वतःची प्रत ठेवली असेल, तर क्लीनर काढून टाकण्याआधी ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, पण सगळे व्यवस्थित चालत असताना तिच्यावर डबल क्लिक करू नका, कारण त्याने जुन्या नोंदी पुन्हा रजिस्ट्रीत लिहिल्या जातील. मग त्या संगणकावर टोकन लावून एक सही करून पाहा, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटर तपासा, आणि नंतर क्लीनर काढा. त्यानंतरही विंडोजच्याच फायलींबद्दल शंका राहिली, तर कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून 'एसएफसी स्कॅननाऊ' (sfc /scannow) ही आज्ञा चालवावी. ती सिस्टिमच्या फायली तपासते आणि बिघडलेल्या फायली बदलते.

एसएसडी घेताना एक गोष्ट विचारात घ्या. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तुमच्या यंत्रांचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो का, ते आधी तपासा. बसत नसेल, तर तिन्हींवर एकदम खर्च करू नका. सर्वांत जास्त वापराचे यंत्र नवे घ्या.

हिंजवडी_प्रशासक

एक भर घालतो. तुमचे कार्ड कुठे दिले गेले असेल, तर बँकेच्या ॲपमध्ये आवर्ती देयकांची यादी पाहा. अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती संमती तिथूनच रद्द करता येते. रक्कम फसवून कापली गेली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा.